मुंबईत आयटीसाठी येताय? क्लासची फी भरायच्या आधी हे वाचा

मी २०१३ साली लातूरहून आलो, नवी मुंबईत घणसोलीला पाच जणांत एक रूम. आता दरवर्षी रिझल्ट लागले की गावाकडची पोरं फोन करतात, दादा कुठलं सर्टिफिकेशन करू, आणि निम्म्यांनी फोन करायच्या आधीच कुठेतरी पैसे भरून टाकलेले असतात. म्हणून लिहितोय.

माझं झालं ते आधी सांगतो. स्टेशनजवळच्या एका क्लासला मी ४२ हजार भरले, सोयाबीनची पट्टी आली त्यातले वडिलांनी दिलेले. नेटवर्किंग, सर्टिफिकेटसकट, शंभर टक्के प्लेसमेंट. चार महिन्यांनी जाड कागद मिळाला, सोनेरी शिक्का. ऐरोलीला इंटरव्ह्यूला गेलो तर मॅडमनी तो कागद उलटून मागची बाजू पण बघितली आणि विचारलं, सिस्कोचा आयडी कुठाय? सिस्को ही नेटवर्कची यंत्रं बनवणारी कंपनी, सीसीएनए ही तिची नेटवर्किंगची परीक्षा असते, तिची फी वेगळी असते, हे मला तिथं खुर्चीत बसल्यावर कळलं. माझा कागद त्या क्लासचाच होता. मग शेजारच्या सरांनी बोर्डवर एका नेटवर्कचा पत्ता लिहिला, १९२.१६८.१०.०/२६ (/२६ वरून नेटवर्क केवढं ते कळतं), यात किती मशीन बसतील? ६४ पत्ते, पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम निरोप पाठवायचा, राहिले ६२. आज झोपेतही सांगेन, त्या दिवशी नाही आलं.

त्यामुळे पैसे भरायच्या आधी विचारा, परीक्षा कोण घेणार आणि तिची फी यात धरलीय का. तोंडी नको, पावतीवर लिहून घ्या. पुन्हा सांगतो, पावतीवर.

परीक्षेची फी तुम्ही स्वतः थेट भरू शकता. सीसीएनए ३०० डॉलर, एडब्ल्यूएसची (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर) क्लाउड प्रॅक्टिशनर १०० आणि सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट १५०, वर टॅक्स. ही तिन्ही ३ वर्षं चालतात. एडब्ल्यूएसची एक पास झालात की पुढच्या परीक्षेला निम्मी फी लागते, हे क्लासवाले सांगत नाहीत. मायक्रोसॉफ्टची असोसिएट लेव्हल दरवर्षी रिन्यू करायची, पण ते ऑनलाइन आणि फुकट आहे.

उपयोग होतो का? नेटवर्क, क्लाउड, लिनक्स सपोर्टमध्ये पहिल्या नोकरीला होतो, सीव्ही बाजूला पडत नाही. रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीच्या आरएचसीएसए परीक्षेला मी सगळ्यात जास्त मानतो, कारण तिथं पर्याय निवडायचे नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवायचं असतं. टेस्टिंगवाल्यांनी आयएसटीक्यूबी फाउंडेशन ही सॉफ्टवेअर टेस्टिंगची परीक्षा द्यावी, ४० प्रश्न, २६ बरोबर आले की पास, आणि ते आयुष्यभर चालतं. डेव्हलपर असाल तर सर्टिफिकेट सोडा, कोड दाखवा. फ्रेशरला पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजरचं) नाहीतर सीआयएसएसपी (सिक्युरिटीचं) कुणी विकत असेल तर उठून या, पीएमपीला डिग्रीवाल्यांनाही ३ वर्षं प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव लागतो, सीआयएसएसपीला ५ वर्षांचा.

डंप, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, पाठ करू नका. सापडलात तर सर्टिफिकेट रद्द होतं, नाही सापडलात तर बोर्डसमोर उभे राहाल, मी राहिलो तसे.

आपल्याकडच्या पोरांचं मला एक अजिबात पटत नाही, रूममधल्या एकाने क्लाउड घेतलं की पाचही जण क्लाउडच घेतात, आणि इंग्रजीत बोलायची भीती वाटते म्हणून एकामागून एक सर्टिफिकेटं करत बसतात आणि इंटरव्ह्यू पुढं ढकलतात. अरे, मोडकंतोडकं बोला. इथली माणसं तुटक बोलतात पण नीट विचारलं तर नीट सांगतात. सकाळच्या ट्रान्स हार्बर लोकलमध्ये गळ्यात आयडी घातलेल्या एकाला मी विचारलं होतं, तुमच्याकडे डेस्कटॉप सपोर्टला माणसं घेतात का? त्याने नंबर दिला, तीच माझी पहिली नोकरी.

नाइट शिफ्ट करून दिवसा जुन्या लॅपटॉपवर पॅकेट ट्रेसर लावायचो, नेटवर्क जोडायचा सराव करायचं सिस्कोचं ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दहा महिन्यांनी खरी सीसीएनए पास झालो, क्लास न लावता.

रूम ऐरोली, रबाळे, घणसोली याच पट्ट्यात बघा.

आणि रेफरन्स लागला तर रविवारी दुपारी फोन करा, फक्त त्याआधी /२७ मध्ये किती मशीन बसतात ते स्वतः काढून ठेवा, मी विचारणार आहे.