मुंबई–नागपूर विमानप्रवास: अंतर आणि वेळेचा खरा हिशेब

मुंबई ते नागपूर हे हवाई अंतर सुमारे ६९० किलोमीटर आहे, तर लोहमार्गाने हेच अंतर ८३७ किलोमीटर भरते. एवढे अंतर कापायला विमानाला आकाशात साधारण सव्वा तास पुरतो. तरीही तिकिटावर दीड तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ छापलेला दिसतो, याचे कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतची असते. मुंबईतील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी विमानाला रांगेत थांबावे लागते.

नियोजन करताना मात्र घर ते घर असाच हिशेब धरावा. देशांतर्गत उड्डाणासाठी बहुतेक कंपन्यांचे सामान स्वीकारणे एक तास आधी बंद होते, म्हणून दोन तास आधी पोहोचणे उत्तम. मुंबईत आपले विमान टर्मिनल १ वरून आहे की २ वरून, हे निघण्यापूर्वी तिकिटावर अवश्य पाहावे, कारण ऐन वेळी एकावरून दुसरीकडे जाताना रस्त्यावरच्या वाहतुकीत बराच वेळ मोडतो. नागपूरचा विमानतळ सोनेगावला, शहरालगतच असल्याने तिकडे फारसा वेळ जात नाही. एकंदरीत, ठाणे किंवा बोरिवलीहून निघणाऱ्याने धरमपेठेतल्या घरी पोहोचेपर्यंत पाच ते सहा तास हाताशी ठेवावेत, आणि पावसाळ्यात त्यात आणखी तासाभराची भर घालावी.