घोड नदीचा धूप-नकाशा करताय? या चुका टाळा

घोडचं पाणलोट क्षेत्र फसवं आहे. पश्चिमेला भीमाशंकरच्या रांगेत धो धो पाऊस आणि भाताची खाचरं, पूर्वेला शिरूरकडे अवर्षणाचा पट्टा. धूप-नकाशासाठी वापरलं जाणारं आरयूएसएलई मॉडेल म्हणजे पाऊस (आर), माती (के), उताराची लांबी व तीव्रता (एलएस), आच्छादन (सी) आणि बांधबंदिस्ती (पी) या पाच घटकांचा गुणाकार. त्यामुळे एक थर, म्हणजे एका घटकाचा नकाशा, चुकला की उत्तरही त्याच पटीत चुकतं.

सगळ्यात महाग पडते ती उपग्रहचित्राच्या महिन्याची चूक. पावसाळ्यात ढग असतात, म्हणून ऑक्टोबरनंतरचं स्वच्छ चित्र घेतलं जातं आणि त्याच्या एनडीव्हीआयवरून (हिरवाईच्या निर्देशांकावरून) आच्छादनाचा सी घटक काढतात. पण तेव्हा रान हिरवं असतं. माती जाते ती जूनच्या पहिल्या जोरदार सरींत, नांगरून-कुळवून ठेवलेल्या उघड्या रानातून. पूर्वेकडच्या भारी काळ्या जमिनीत तर रब्बी ज्वारीसाठी रान खरिपात पडच ठेवतात. पावसात मोकळं असलेलं हे शिवार डिसेंबरच्या चित्रात हिरवंगार दिसतं आणि मॉडेल तिथे धूप कमी दाखवून मोकळं होतं. यावर उपाय म्हणजे सी महिनावार काढा आणि प्रत्येक महिन्याला तिथल्या पावसाच्या जोरानुसार वजन द्या. जुलै-ऑगस्टचं चित्र मिळालंच नाही, तर पिकानुसार कोष्टकातलं मूल्य घ्या. कोणतं रान कधी मोकळं असतं, हे गावातला शेतकरी दोन मिनिटांत सांगतो.

याच थरात घोडवरच्या डिंभे धरणाचं पाणी भडक लाल दिसत असेल तर घाबरू नका. पाण्याचा एनडीव्हीआय ऋण असतो. एनडीव्हीआयवरून सी काढायच्या नेहमीच्या घातांकी सूत्रात (स्थिरांक अल्फा २, बीटा १) उणे ०.२ घातलं की सी १.४ च्या आसपास येतो. सी १ च्या वर असूच शकत नाही. पाणी आधीच कापून टाका.

उतार जवळजवळ सगळीकडे ९० अंशांच्या आसपास? डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा, अजून अक्षांश-रेखांशात आहे. तो यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणात आणा. नदीच्या रेषेवर एलएस शेकड्यांत जातो, कारण प्रवाह-संचय (वरून वाहून येणाऱ्या चौकटींची संख्या) थेट उताराची लांबी म्हणून वापरला जातो. लांबीला मर्यादा घाला (आरयूएसएलईत ती ३०५ मीटर आहे) आणि ओढे-नाले वगळा. सह्याद्रीचे उघडे कातळकडे वेगळे काढायला विसरू नका. तिथे वाहून जायला माती असते कुठे?

एककांचं थोडक्यात: आर मेट्रिक आणि के अमेरिकी पुस्तकातला, असं झालं की धूप साडेसात पट फुगते. अमेरिकी के ला ०.१३१७ ने गुणा.

पी घटक सरसकट १ ठेवण्याची सवय मात्र खरंच खटकते. आंबेगावच्या वरच्या खोऱ्यात भाताची बांध घातलेली खाचरं हीच मोठी बांधबंदिस्ती आहे. ती न धरल्यास समतल चरांचा निधी नेमका चुकीच्या उतारावर जाईल.

शेवटी नकाशातला आकडा धरणातल्या गाळाशी जुळवायला जाऊ नका. हे मॉडेल फक्त पृष्ठभागावरची आणि छोट्या ओघळींची धूप मोजतं. मोठ्या घळी आणि ढासळणारे नदीकाठ त्यात येतच नाहीत. शिवाय सुटलेली सगळी माती धरणापर्यंत पोचत नाही, बरीचशी वाटेत बांधांना अडते. ताळा घ्यायचाच असेल, तर नकाशातल्या लाल (जास्त धूप) आणि हिरव्या (कमी धूप) पट्ट्यांतली काही शेतं निवडा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर फुटलेले बांध, ताज्या ओघळी आणि उघडी पडलेली झाडांची मुळं बघून या.