लेझर प्रिंटर कागद ओढत नाही? आधी रोलर बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडच्या पावसात एचपी १०२० आणि कॅनन २९०० हमखास रुसतात. कागद ओढत नाहीत, नाहीतर दोन-तीन एकदम गिळतात. दोन्हींची आतली रचना जवळपास सारखी, म्हणून उपायही तोच.

पहिल्यांदा नवं रीम फोडून त्यातले दहा कागद लावून बघा. नीट गेले तर दोष दमट कागदाचा; खर्च शून्य. उघडं रीम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचं, एवढंच.

तरी अडलं तर पिकअप रोलर, म्हणजे ट्रेमधला कागद आत ओढणारा रोलर, बघायचा. विजेची वायर काढा, कार्ट्रिज (टोनर म्हणजे शाईची पावडर असलेला डबा) काढून कापडाखाली झाका (त्यातल्या ड्रमला, म्हणजे छपाईचं चित्र उमटवणाऱ्या नळीला, उजेड चालत नाही). आत मधोमध इंग्रजी डी अक्षरासारखा रबरी रोलर दिसेल. दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या खिट्ट्या बाहेर दाबल्या, रोलर पुढे फिरवला की तो उचलून येतो. रबर चकचकीत झालं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोल, थिनर अजिबात नको, रबर फुगतं. गुळगुळीतच राहिलं तर बदला; साधा रोलर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. कागद एकदम जात असतील तर मागचे दोन स्क्रू काढून सेपरेशन पॅडही (कागद एकेक वेगळा करणारी पट्टी) बदलायचं.

छपाईत दर साडेसात सेंटिमीटरवर तोच डाग उमटतोय? तो ड्रमचा. निव्वळ टोनर भरून जात नाही, ड्रमच बदलावा लागतो. बोट फिरवल्यावर अक्षरं पुसली जात असतील तर फ्यूजरची (टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या भागाची) फिल्म फाटलीय; पिन न काढता घातलेले कागद हे तिचं नेहमीचं कारण. ते काम मात्र मेकॅनिककडेच द्या.