रशियात नव्याने आलेल्यांसाठी: यंत्राशी कसं वागायचं आणि यंत्राबद्दल कुणापुढे काय बोलायचं

आधी शब्द. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' म्हणालात तर समोरचा समजून घेईल, पण इथला रोजचा शब्द आहे 'नेयरोसेत', म्हणजे न्यूरल नेटवर्क. रशियन भाषेच्या 'ग्रामोता' या संकेतस्थळाने 2023 चा शब्द म्हणून हाच निवडला होता. विद्यार्थी त्याला लाडाने 'नेयरोन्का' म्हणतात. सरकारी कागदात आणि बातम्यांत 'इ-इ' येतं, ते 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या रशियन नावाचं लघुरूप. पहिल्यांदा ऐकताना कुणीतरी किंचाळतंय असं वाटतं, सवय होते. बोलणाऱ्या स्पीकरला मात्र कुणी नेयरोसेत म्हणत नाही. ती 'अलीसा', आणि ती स्त्रीलिंगीच.

इथल्या माणसांचा यंत्राबद्दलचा कल एका ओळीत सांगायचा तर वापर भरपूर, भरवसा बेताचा. त्यातही दोन कप्पे आहेत. भाषांतर, टॅक्सी, गाणी, हवामान, गृहपाठ यांसाठी यंत्र चालतं. चेहरा, आवाज आणि कागदपत्रं यंत्राच्या हाती द्यायची म्हटली की कपाळावर आठी येते. सरकारलाही हे ठाऊक आहे. 2019 मध्ये जाहीर झालेलं राष्ट्रीय धोरण 2024 मध्ये सुधारलं, तेव्हा 'नागरिकांचा भरवसा' हेच एक उद्दिष्ट आकड्यात लिहिलं गेलं: 2022 मधल्या 55 टक्क्यांवरून 2030 पर्यंत किमान 80 टक्के. भरवसा असा टक्केवारीत मागावा लागतो, यातच बरंच काही आलं.

अलीसा यांडेक्स या रशियन इंटरनेट कंपनीची, 2017 च्या ऑक्टोबरपासून आहे. हॉस्टेलच्या खोलीत किंवा भाड्याच्या घरात तिचा स्पीकर असण्याची शक्यता मोठी. ती रशियनच समजते, आणि नवशिक्याला हेच सोयीचं, कारण तुमचे उच्चार पुन्हा पुन्हा ऐकून ती वैतागत नाही. 'अलीसा, काकाया पगोदा?' म्हणजे हवा कशी आहे. 'अलीसा, ख्वातित' म्हणजे पुरे झालं. खोलीत तिघे असतील आणि स्पीकर एकाचाच असेल, तर पहिल्याच दिवशी विचारून घ्या की रात्री मायक्रोफोन बंद करायचा का. वरचं बटण दाबलं की दिवा लाल होतो, म्हणजे तिचे कान बंद. रशियन रूममेटला हा प्रश्न उद्धट वाटत नाही, उलट शहाणपणाचा वाटतो.

बँक, मोबाईल कंपनी, दवाखाना, कुठेही फोन लावा, आधी रोबोच बोलणार. इथले लोक त्याच्याशी अजिबात गोडगोड बोलत नाहीत. सरळ एकच शब्द, दर दोन सेकंदांनी: 'अपेरातर'. पूर्ण वाक्य हवं असेल तर 'सयेदिनीते स अपेरातरम', म्हणजे माणसाला जोडून द्या. नवीन माणूस इथे ठरावीक चूक करतो: अडचण मोडक्या रशियनमध्ये सविस्तर सांगत बसतो, रोबो त्यातला एखादा ओळखीचा शब्द पकडतो आणि भलत्याच विभागात ढकलतो. अडचण माणूस आल्यावर सांगा. उलट बाजूने, तुम्हाला येणाऱ्या फोनवरही रोबो असतात, आणि तुमच्या वतीने फोन उचलणारे 'सेक्रेटरी' रोबोही असतात. रशियन मित्राला फोन लावला आणि अनोळखी आवाजाने 'काय काम आहे?' विचारलं तर घाबरून ठेवून देऊ नका. नाव आणि काम एका वाक्यात सांगा, मित्राला ते लिहून मिळतं.

आता चेहऱ्याचा विषय. इथे जरा थांबून वाचा.

मॉस्को मेट्रोत 15 ऑक्टोबर 2021 पासून सगळ्या स्थानकांवर 'फेस पे' आहे. फोटो आणि बँक कार्ड जोडलं की कॅमेऱ्याकडे बघायचं आणि फाटक उघडतं. दुकानांत स्बेर बँकेचं 'हसून पैसे द्या' असं यंत्र दिसेल. दोन्ही ऐच्छिक आहेत, दोन्हींना रशियन बँकेचं कार्ड लागतं (भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड 2022 च्या मार्चपासून इथे चालत नाही), आणि 'त्रोयका' या प्रवासाच्या कार्डाने काम भागतं. पण फेस पे घेतलं नाही म्हणजे कॅमेरा आपल्याला बघत नाही असं समजू नका. मेट्रोत चेहरा ओळखणारी पोलिसांची व्यवस्था वेगळी आहे. 2019 मध्ये मेट्रोत एकट्याने निषेधाचा फलक नेणाऱ्या एका माणसाला अशा तंत्राने शोधून पकडलं गेलं, आणि 2023 च्या जुलैमध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्या प्रकरणात रशियाविरुद्ध निकाल दिला. शहरी रशियन माणसाच्या मनात कॅमेरा म्हटलं की दोन्ही गोष्टी एकदम येतात: चोर सापडतो, आणि आपणही सापडतो. तुमच्यापुरतं काम सोपं आहे. पासपोर्ट, मायग्रेशन कार्ड आणि राहण्याच्या नोंदणीचा कागद कायम जवळ ठेवा. कुणी थांबवलं तर वाद न घालता काढून दाखवा.

देशाची एक 'एकीकृत बायोमेट्रिक प्रणाली' आहे, 2018 पासून. रशियन नागरिकाला त्यात चेहरा-आवाज देण्याची सक्ती नाही. नको असेल तर तो 'एम-एफ-त्से' या नागरी सेवा केंद्रात जाऊन लेखी नकार देऊ शकतो, आणि बरेच जण देतातही. परदेशी माणसाला ही सूट जवळपास नाही, कारण 1 जानेवारी 2025 पासून परदेशी नागरिकाला सिमकार्ड हवं असेल तर बायोमेट्रिक द्यावंच लागतं. म्हणून घरमालकीण किंवा वर्गमित्र 'तू कशाला दिलंस? मी नाही दिलं!' असं म्हणाले तर वाद घालू नका. तुम्हा दोघांना लागू असलेले नियमच वेगळे आहेत.

क्रम असा ठेवा. पासपोर्टचं नोटरी केलेलं रशियन भाषांतर. मग 'स्निल्स', म्हणजे विमा खात्याचा 11 अंकी क्रमांक. मग 'गोसउस्लुगी' या सरकारी पोर्टलवर खातं, तेही पडताळणी झालेलं. नुसतं उघडून ठेवलेलं चालत नाही. मग बँकेत बायोमेट्रिक, आणि शेवटी मोबाईल कंपनीच्या स्वतःच्या दुकानात सिम. बँकेच्या प्रत्येक शाखेत बायोमेट्रिकची सोय नसते, आधी विचारून जा. तिथे फोटो काढतात आणि आवाज घेतात. आवाजासाठी शून्य ते नऊ आकडे रशियनमध्ये सरळ, मग उलटे, मग विस्कटून म्हणावे लागतात. आदल्या रात्री म्हणून बघा: नोल, अदीन, द्वा, त्री, चितीरे, प्यात, शेस्त, सेम, वोसेम, देव्यात. शेस्त आणि सेम यांची गल्लत होते, आणि घाईत वोसेम गिळला जातो. मग पुन्हा पहिल्यापासून. सर्दी झाली असेल तर दोन दिवस थांबा. दुकानात हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांकही लागतो: स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की 15 आकडे दिसतात. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहून न्या. सिम त्या हँडसेटला बांधलेलं असतं, त्यामुळे फोन बदलला तर नोंदही बदलावी लागते. हे विसरलेल्यांचं सिम नव्या फोनमध्ये मुकं होतं.

वरच्या क्रमात काम अडतं ते बहुतेक वेळा नावावर, आणि त्याला कारण अनेकदा भाषांतराचं यंत्रच. रशियनमध्ये 'ह' हा उच्चार नाही. त्याच्या जागी 'ख' येतो, जुन्या पद्धतीत 'ग' येतो. महेशचा एका कागदावर माखेश होतो, दुसऱ्यावर मागेश. जाधवचा जादखाव होतो. माणसाला दोन्ही एकच वाटतात, संगणकाला दोन वेगळी माणसं दिसतात, आणि खात्याची पडताळणी तिथेच फसते. म्हणून नियम एकच: व्हिसावर नाव रशियन लिपीत जसं छापलंय तसंच, अक्षरन् अक्षर, पुढच्या प्रत्येक कागदावर. भाषांतर करणाऱ्याच्या हातात पासपोर्टसोबत व्हिसाची प्रतही ठेवा आणि नोटरीचा शिक्का पडण्याआधी बोट ठेवून अक्षरं जुळवा. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून कधी येतं, कधी गळतं, तेही याच वेळी बघा. शिक्का पडल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा पैसे. फोनमधल्या भाषांतराला सरकारी कचेरीत शून्य किंमत आहे. खिडकीमागच्या बाई फोन बघायलाही तयार नसतात, आणि तोंडासमोर फोन धरला तर आपलं बोलणं रेकॉर्ड होतंय असं त्यांना वाटतं. आधी विचारा: 'मोझ्ना, या व्क्ल्युचू पिरिवोदचिक?' म्हणजे भाषांतर चालू करू का. एवढं विचारलं की आवाज निम्म्याने मऊ होतो.

यांडेक्स आणि गूगल, दोन्हींच्या भाषांतरात मराठी आहे. तरी महत्त्वाचं वाक्य मराठीतून थेट रशियनमध्ये टाकण्यापेक्षा इंग्रजीतून टाकलेलं बरं, कमी बिघडतं. ऑफलाइन भाषेचा संच भारतातूनच उतरवून आणा. 2025 च्या ऑक्टोबरपासून परदेशी सिमवरचं इंटरनेट इथे आल्यावर पहिले 24 तास बंद राहतं, आणि नेमकी तेव्हाच भाषांतराची गरज असते.

कॉलेजात वातावरण दुभंगलेलं आहे. 2023 च्या सुरुवातीला मॉस्कोतल्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने आपला पदवी प्रबंध चॅटजीपीटीकडून लिहून घेतल्याचं जाहीरपणे सांगितलं. तो उत्तीर्ण झाला होता, जेमतेम श्रेणीत. देशभर गदारोळ झाला, अशा साधनांवर बंदीची मागणी झाली. त्याच वर्षी मॉस्को शहर शैक्षणिक विद्यापीठाने उलट पाऊल टाकलं आणि प्रबंधात यंत्राची मदत घ्यायला अधिकृत परवानगी दिली. म्हणजे 'रशियात चालतं का?' हा प्रश्नच चुकीचा. तुमच्या 'काफेद्रा'त, म्हणजे विभागात, चालतं का हे विचारा. लेखन 'अन्तीप्लागिआत' या प्रणालीतून जातं आणि यंत्राने लिहिल्याचा संशय आला की ती खूण करते. परदेशी विद्यार्थ्याची अडचण वेगळी असते. तोंडी बोलताना अडखळणारा मुलगा लेखी निबंधात व्याकरणशुद्ध रशियन लिहून आणतो, तेव्हा शिक्षकाला प्रणालीची गरजच पडत नाही. इथे परीक्षा बहुतांश तोंडी असते, चिठ्ठी उचलायची आणि समोर बसून बोलायचं. तिथे नेयरोन्का कामाला येत नाही. तयारीसाठी मात्र वापरा: स्बेर बँकेच्या 'गिगाचॅट' या चॅटबॉटला सांगा, 'या विषयावर मला 10 तोंडी प्रश्न विचार आणि माझ्या चुका दाखव.' शिक्षकांना हा वापर सहसा खटकत नाही.

वैद्यकीयच्या मुलांसाठी थोडं जास्त. 2024 च्या सुरुवातीला याच गिगाचॅटने सेंट पीटर्सबर्गच्या अल्माझोव्ह केंद्रात 'लेच्येब्नये द्येला', म्हणजे तुमच्याच अभ्यासक्रमाची परीक्षा दिली आणि पाचपैकी चार गुण मिळवले. प्राध्यापक हा दाखला हमखास देतात, बहुधा तुम्हाला तीन मिळाल्यावर. मॉस्कोत 2020 पासून क्ष-किरण आणि सीटी यंत्राकडून वाचून घेण्याचा मोठा प्रयोग चालू आहे. अहवालाखाली सही मात्र डॉक्टरचीच. रुग्णांचं मत विचाराल तर आजोबांची पिढी यंत्राचं म्हणणं डॉक्टरच्या तोंडून ऐकल्याशिवाय मानत नाही. क्लिनिकल रोटेशनमध्ये रुग्णासमोर फोन काढून लक्षणं शोधत बसू नका. इथे ते अज्ञान समजलं जातं.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. 'देकानात'मधून, म्हणजे डीनच्या कार्यालयातून, बँकेच्या सुरक्षा विभागातून, पोलिसांतून असे फोन येतात, आणि ओळखीच्या माणसाचा बनवलेला आवाजही येतो. रशियन लोक यंत्राला घाबरतात ते मुख्यतः या 'मशेन्निकीं'मुळे, म्हणजे ठगांमुळे. फोन ठेवा, त्या माणसाला स्वतःकडच्या नंबरवर लावा. एसएमएसमधला कोड कुणालाही सांगायचा नाही, गोसउस्लुगीचा तर मुळीच नाही. गावाकडे आईवडिलांशीही एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. मराठीत असेल तर उत्तम.

चॅटजीपीटी आणि जेमिनी रशियात अधिकृतपणे मिळत नाहीत. लोक व्हीपीएन लावून वापरतात, तो लावणं हा स्वतःच गुन्हा नाही. पण 2024 च्या मार्चपासून व्हीपीएनचा प्रचार आणि तो कसा लावायचा हे पसरवणं बंद आहे, आणि 2025 च्या सप्टेंबरपासून बंदी असलेला 'अतिरेकी' मजकूर जाणूनबुजून शोधण्यावर दंड आहे. हॉस्टेलच्या ग्रुपवर 'हा व्हीपीएन टाका' असे संदेश पाठवू नका. सैन्य किंवा नेते यांची यंत्राने बनवलेली विनोदी चित्रं तर अजिबात पुढे पाठवू नका. रशियन मित्राने पाठवलं म्हणजे तुम्हाला चालतं असं नाही.

जेवणाच्या टेबलावर विषय निघाला तर साठीच्या माणसाला आधी बोलू द्या. या देशात 1954 च्या तत्त्वज्ञान कोशात सायबरनेटिक्सला, म्हणजे यंत्रं आणि सजीवांमधल्या नियंत्रणाच्या शास्त्राला, छद्मविज्ञान म्हटलं होतं, आणि 20 वर्षांनी, 1974 मध्ये, स्टॉकहोमला संगणकांची पहिली जागतिक बुद्धिबळ स्पर्धा सोव्हिएत 'काइस्सा' या प्रोग्रॅमने जिंकली. हा अभिमान अजून जिवंत आहे. म्हणून 'हे सगळं अमेरिकेने शोधलं' असं म्हटलंत की चहा थंड होईपर्यंत ऐकावं लागेल. धार्मिक घरात बायोमेट्रिकची थट्टा करू नका. 2000 च्या आसपास कर क्रमांक आले तेव्हाही श्रद्धाळूंचा मोठा गट 'माणसाला नंबर नको' म्हणून अडून बसला होता, तीच भावना आता चेहऱ्याच्या नोंदीला चिकटली आहे.

आणि मॉस्कोत फुटपाथवर सहा चाकांचा, मोठ्या सुटकेसएवढा पांढरा खोका स्वतःहून चालताना दिसेल. तो यांडेक्सचा 'रोवर', कुणाचं तरी जेवण घेऊन निघालेला. त्याला वाट द्या, नाहीतर तो थांबून तुम्ही बाजूला होण्याची वाट बघत राहतो. हिवाळ्यात बर्फात रुतला की रस्त्यावरची गंभीर चेहऱ्याची माणसं थांबतात, मागून ढकलतात आणि काही न बोलता पुढे जातात. तुम्हीही ढकला. मागच्या बाजूने, दोन्ही हातांनी, झाकणाला न धरता. झाकण फक्त ज्याचं जेवण आहे त्याच्या फोनवरूनच उघडतं.