एडिटरमध्ये विंडोंची गर्दी झालीय? या चुका टाळा

कोड लिहिताना विंडो एकदम वाढत नाहीत. एका फंक्शनची व्याख्या बघायला फाईल उघडली, तिथून दुसरी, मध्येच लॉग, मग टेस्ट, तेवढ्यात कुणी काही विचारलं म्हणून दुसरा प्रोजेक्ट. तासाभरात टॅबवरची नावं अर्धी कापली जातात आणि हवी ती फाईल सोडून बाकी सगळं सापडायला लागतं. बहुतेक जण मग वैतागून आवराआवर करतात, आणि दोन दिवसांत पुन्हा तीच गत. मुळात माणूस टॅब बंद करत नाही, कारण बंद केलेली फाईल पटकन परत मिळेल याचा भरवसा नसतो. तो भरवसा आधी कमवायचा, आवराआवर मागाहून.

"पुढे लागेल" म्हणून टॅब उघडा ठेवणं

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटातून निघतात. व्हीएस कोड या एडिटरमध्ये कंट्रोल आणि पी दाबून फाईलच्या नावातली थोडी अक्षरं टाकली की ती समोर येते. अक्षरं सलग असायचीही गरज नाही. 'यूजर सर्व्हिस टेस्ट' अशा लांबलचक नावासाठी तिन्ही शब्दांची पहिली दोन-तीन अक्षरं पुरतात. तिथेच @ टाकलं तर चालू फाईलमधली फंक्शन्स दिसतात. इंटेलिजे या दुसऱ्या एडिटरमध्ये कंट्रोल आणि ई दाबलं की अलीकडे उघडलेल्या फाईलींची यादी येते, आणि शिफ्ट दोनदा दाबलं की हवं ते शोधता येतं. मॅकवर कंट्रोलच्या जागी बहुतेक ठिकाणी कमांड. हे बोटांत बसलं की टॅबच्या पट्टीकडे बघायची सवयच मोडते. काही जण तर ती पट्टीच बंद करून टाकतात. सुरुवातीला चाचपडायला होतं, पण प्रयोग करून बघण्यासारखा आहे.

याच्या जोडीला दोन गोष्टी. नुसती व्याख्या डोळ्यांखालून घालायची असेल तर त्या नावावर ऑल्ट आणि एफ१२ दाबा. व्हीएस कोड आणि व्हिज्युअल स्टुडिओ या दोन्हींत ती व्याख्या तिथल्या तिथे छोट्या चौकटीत उघडते आणि एस्केप दाबलं की जाते. नवा टॅब नाही. दुसरं म्हणजे, व्हीएस कोडमध्ये एकदा क्लिक करून उघडलेल्या फाईलचं नाव तिरक्या अक्षरांत दिसतं. हा तात्पुरता टॅब, पुढची फाईल उघडली की त्याच जागी ती येते. "माझी फाईल आपोआप गायब झाली" ही नव्या लोकांची तक्रार बहुधा इथलीच. त्यावर उपाय म्हणून पुष्कळ जण या तात्पुरत्या टॅबची, म्हणजे प्रीव्ह्यूची, सोयच बंद करतात आणि गर्दीला स्वतःच आमंत्रण देतात. ठेवायची ती फाईल डबल क्लिक करून उघडा किंवा तिच्यात बदल करा, ती पक्की होते.

तरीही टॅब साठतच असतील तर सेटिंगमध्ये एडिटर लिमिट शोधा. व्हीएस कोडमध्ये ही मर्यादा चालू केली की आकडा मुळात १० असतो. त्यापुढे गेलं की सगळ्यांत जास्त वेळ हात न लागलेला टॅब बंद होतो. सेव्ह न केलेली फाईल मात्र अशी बंद होत नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

बदल दिसत नाही? तुम्ही भलत्याच फाईलमध्ये आहात

एकाच प्रोजेक्टच्या दोन प्रती, दोन ब्रांच (कोडच्या समांतर आवृत्त्या), दोन विंडो. दोन्हींत 'इंडेक्स' आणि 'कॉन्फिग' नावाच्या फाईली. तुम्ही ओळ बदलता, सेव्ह करता, ब्राउझर रिफ्रेश करता, काहीच होत नाही. मग कॅश साफ, सर्व्हर रीस्टार्ट, पुन्हा बिल्ड. अर्धा तास असाच जातो.

अशा वेळी सगळ्यांत आधी त्या फाईलमध्ये मुद्दाम एक चूक करा. कंस अर्धवट सोडा किंवा वाटेल तो शब्द खरडा, आणि बिल्ड नव्याने चालवा. प्रोग्रॅम तरीही सुखाने चालला तर ही फाईल तो वाचतच नाहीये. टॅबवर माऊस नेला की पूर्ण पाथ दिसतो, तो टर्मिनलमधल्या फोल्डरशी ताडून बघा. हा घोळ वारंवार होत असेल तर प्रत्येक विंडोला वेगळा रंग द्या. व्हीएस कोडमध्ये वर्कस्पेसच्या सेटिंगमध्ये टायटल बारचा रंग बदलता येतो. प्रॉडक्शनशी, म्हणजे लोक वापरत असलेल्या खऱ्या सिस्टिमशी जोडलेली विंडो लाल ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

टर्मिनल विसरून नवं टर्मिनल उघडणं

सर्व्हर सुरू करताना "पोर्ट आधीच वापरात आहे" असा एरर आला की लोक पोर्टचा नंबर बदलून मोकळे होतात. मग ३००० वर जुना कोड चालू, ३००१ वर नवा, आणि ब्राउझरमध्ये मात्र जुनाच टॅब उघडा. आधी सगळी टर्मिनलं चाळा आणि जुना सर्व्हर कंट्रोल आणि सी दाबून थांबवा.

विम या टर्मिनलमध्ये चालणाऱ्या एडिटरमध्ये याचाच भाऊबंद म्हणजे स्वॅप फाईल (उघड्या फाईलसाठी विम ठेवतं ती तात्पुरती फाईल) सापडल्याची सूचना. चुकून कंट्रोल आणि झेड दाबलं जातं, विम दिसेनासं होतं, आपल्याला वाटतं बंद झालं. प्रत्यक्षात ते मागे थांबलेलं असतं. तीच फाईल पुन्हा उघडली की सूचना येते आणि घाईत 'तरीही एडिट करा' निवडलं जातं. आता एकच फाईल दोन ठिकाणी उघडी. तसं न करता बाहेर पडा आणि त्याच टर्मिनलमध्ये 'एफजी' ही कमांड द्या, जुनं विम जसंच्या तसं परत येईल. विममध्ये विंडो बंद केली म्हणजे फाईल विमच्या यादीतून गेली असंही नाही. विंडो म्हणजे बफरकडे, म्हणजे विममध्ये उघडलेल्या फाईलच्या मजकुराकडे, बघायची फक्त चौकट. गर्दी झाली की 'ओन्ली' ही कमांड चालू विंडो ठेवून बाकीच्या मिटवते, बफर यादीत तसेच राहतात.

मशीन मंद झालं की सगळा दोष रॅमला देणं

व्हीएस कोडची प्रत्येक विंडो आपापली एक्स्टेन्शन्स वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवते, म्हणून दहा टॅबांपेक्षा चार विंडो जास्त जड पडतात. हेल्प मेनूतला प्रोसेस एक्सप्लोरर उघडला की कोण किती खातंय ते कळतं.

लिनक्सवर आणखी एक फसवा एरर आहे: डिस्कवर जागा शिल्लक नाही. डिस्क बघावी तर मोकळी! उघड्या फोल्डरमधल्या बदलांवर लक्ष ठेवायला एडिटर कर्नलकडून (लिनक्सच्या गाभ्याकडून) वॉच, म्हणजे बदल कळवणारे पहारे, घेतो आणि त्यांची संख्या प्रत्येक यूजरमागे ठरलेली असते. ती संपली की हाच एरर येतो. जुन्या कर्नलमध्ये ही मर्यादा अवघी ८१९२ होती. नको त्या विंडो बंद करा, डिपेन्डन्सींचे (बाहेरून आणलेल्या लायब्ररींचे) अवाढव्य फोल्डर वॉचमधून वगळा, आणि तरीही भागलं नाही तरच मर्यादा वाढवा.

पायथनमध्ये लूपच्या आत आलेख काढणाऱ्यांना मॅटप्लॉटलिब ही आलेखांची लायब्ररी २० पेक्षा जास्त फिगर (आलेखांच्या चौकटी) उघड्या झाल्या की सूचना देते. ती सूचना दाबून टाकू नका, काम झालेली फिगर 'क्लोज' करा. ज्युपिटर या ब्राउझरमधल्या नोटबुकमध्ये टॅब बंद केल्याने कर्नल, म्हणजे इथे मागे कोड चालवणारी प्रोसेस, बंद होत नाही. तो चालूच राहतो आणि मेमरी अडवून बसतो.

दुसरा मॉनिटर आणून प्रश्न सुटेल असं मानणं

मोठ्या पडद्याने थोडी सोय होते, नाही असं नाही. पण १९८६ मध्येच झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी 'रूम्स' ही व्यवस्था मांडताना नेमकी गोष्ट हेरली होती: एका कामाला लागणाऱ्या विंडो गटाने वापरल्या जातात आणि काम बदललं की अख्खा गट बदलतो. आजचे व्हर्च्युअल डेस्कटॉप त्याच वळणाचे. एका डेस्कटॉपवर बगचं काम, दुसऱ्यावर नवं फीचर, तिसऱ्यावर मेल आणि चॅट. विंडोजवर विंडोज की, कंट्रोल आणि बाजूचा बाण दाबून एकावरून दुसऱ्यावर जाता येतं.

मॉनिटर काढल्यावर एखादी विंडो पडद्याबाहेर अडकली तर विंडोज की, शिफ्ट आणि बाजूचा बाण दाबा. व्हिज्युअल स्टुडिओची मांडणीच विस्कटली असेल तर विंडो मेनूत लेआउट रीसेट करायचा पर्याय आहे.

रागाच्या भरात सगळं बंद करणं

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल आणि के, मग यू दाबलं की फक्त सेव्ह झालेल्या फाईली बंद होतात. सगळं बंद करण्यापेक्षा हे बरं, कारण अर्धवट राहिलेलं काम समोर उरतं. चुकून एखादी गेलीच तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी. टर्मिनलला मात्र हे लागू नाही. त्यातलं चालू मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलण्याचं काम) मध्येच तुटलं तर कुठलाही शॉर्टकट ते परत आणत नाही, म्हणून विंडोच्या फुलीवर क्लिक करण्याआधी टर्मिनलची यादी एकदा उघडून बघा.