ऊसतोडणी यंत्र लावताना या चुका टाळा

ऊसतोड मजुरांची टोळी वेळेवर मिळत नाही म्हणून दोन-तीन एकरांचे शेतकरीही आता तोडणी यंत्राकडे वळू लागले आहेत. मात्र यंत्र फडात शिरल्यावर जे नुकसान दिसते, त्याचे मूळ बहुतेक वेळा लागणीच्या दिवशीच पडलेले असते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे तीन फुटांची सरी. मोठ्या यंत्राला साडेचार ते पाच फुटांचे अंतर लागते. अरुंद सरीत एक ओळ तोडताना चाक शेजारच्या ओळीच्या बुडख्यांवरून जाते आणि खोडव्यात, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकात, नेमक्या त्याच पट्ट्यात नांग्या (उगवण नसलेल्या मोकळ्या जागा) पडतात. आमच्या शेजारच्या रानात खोडवा गुडघाभर आला, तेव्हा चाकाच्या रुंदीचे ते उघडे पट्टे बांधावरूनही मोजता येत होते.

सऱ्या शेताच्या लांब बाजूने पाडाव्यात, नाहीतर यंत्राचा निम्मा वेळ वळण्यातच जातो. दोन्ही टोकांना पंधरा-वीस फुटांतला ऊस आधी कोयत्याने तोडून वळायला जागा करावी. एरवी बांधावरून भांडणाऱ्या दोघा शेजाऱ्यांनी ऊसाची एकच जात, एकाच सुमारास, एकाच रेषेत लावली, तर दोघांचीही तोड एका दमात होते. ठिबकच्या नळ्या आणि दगड मात्र यंत्र येण्याआधी बाहेर काढलेच पाहिजेत.

मोठ्या बांधणीकडे, म्हणजे ऊसाच्या बुडाला मातीची भर देण्याकडे, दुर्लक्ष झाले की ऊस लोळतो आणि वरंब्याची उंची ओळीत जागोजागी बदलते. मग ऊस बुडाशी कापणारा बेस कटर उंच ठेवला तर साखरेने भरलेला बुडखा रानातच राहतो, खाली घेतला तर ऊसाबरोबर मातीही कारखान्यात जाते. बुडखे उभे फाटलेले दिसले तर पाती बोथट झाली आहेत असे समजावे आणि ती तेथेच बदलायला सांगावे. ठोंब मुळासकट उपटून येत असतील तर बोथट पात्यांबरोबरच भुसभुशीत वरंबा आणि चालकाची घाई हीही कारणे तपासावीत. गाडीत पाचट (ऊसाची वाळकी पाने) जास्त जात असेल तर ते बाहेर फेकणाऱ्या पंख्याचा वेग वाढवावा, पण इतका नाही की पाचटाबरोबर कांड्याही बाहेर उडतील. यंत्रामागे दहा पावले चालून जमिनीवर पाहिले की हे लगेच कळते.

काळ्या रानात तोडणीपूर्वी पंधरा-वीस दिवस पाणी बंद ठेवावे.

यंत्राने तोडलेल्या ऊसाला तुकड्यागणिक दोन जखमा असतात, त्यामुळे तो अख्ख्या ऊसापेक्षा फार लवकर आंबतो. गाडीचा नंबर कधी लागेल हे न विचारता तोड सुरू करू नये. शक्यतो बारा तासांच्या आत गाळप व्हावे. पाचटापोटी वजनातून किती वजावट होणार, हेही कारखान्याच्या शेती विभागाकडून आधीच विचारून घ्यावे, कारण वजनकाट्यावर गाडी चढल्यानंतर त्या वादाला अर्थ उरत नाही.