जीआरई व्हर्बल: शब्द पाठ आहेत, तरी आरसीत मार्क का जातात?

परदेशात एमएस करायचं म्हणून जीआरई या प्रवेश परीक्षेच्या तयारीला लागलेल्या ज्युनियर्सचे मेसेज साधारण एकाच साच्यातले असतात. 'ताई, क्वांट निघतंय, टीसी-एसई पण बऱ्यापैकी जमतंय, आरसीत मात्र माती होतेय. अजून कुठली वर्डलिस्ट करू?' (क्वांट म्हणजे गणिताचा भाग आणि व्हर्बल इंग्रजीचा. व्हर्बलमध्ये टीसी-एसई म्हणजे टेक्स्ट कम्प्लिशन आणि सेंटेन्स इक्विव्हॅलन्स, गाळलेल्या जागांचे प्रश्न, आणि आरसी म्हणजे रीडिंग कॉम्प्रिहेन्शन, उतारा वाचून सोडवायचे प्रश्न.) तर आधी हेच सांगते की अजून कुठलीही वर्डलिस्ट करू नका. जी हातात आहे ती पुरी करा आणि थांबा.

जीआरईचा ढाचा तुम्हाला ठाऊक असेलच, तरी एकदा उजळणी. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा छोटी झाली आहे. व्हर्बलचे दोन सेक्शन असतात, पहिल्यात 18 मिनिटांत 12 प्रश्न आणि दुसऱ्यात 23 मिनिटांत 15. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि त्यातच पॅसेज वाचायचा. पहिला सेक्शन कसा जातो त्यावर दुसरा किती अवघड येणार हे ठरतं. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे काहीही कोरं सोडायचं नाही. साधारण अर्धे प्रश्न आरसीचे असतात. अँटोनिम (विरुद्धार्थी शब्द) आणि अॅनॉलॉजी (शब्दजोड्या) हे पाठांतराचे प्रश्न 2011 मध्येच गेले. तरीही आपल्याकडचे काही क्लास अजून त्याच काळात असल्यासारखे हजारो शब्द पोरांच्या गळ्यात मारतात. याद्या वाटायला सोप्या असतात आणि वाचायला शिकवणं अवघड, एवढंच त्याचं कारण.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. मी स्वतः या खड्ड्यात बरेच दिवस होते. क्लासमधल्या सरांना विचारलं, तर 'वाचन वाढव, रोज इंग्रजी पेपर वाच' हे एकच उत्तर मिळायचं. पेपर वाचला. बातम्या समजल्या. आरसी होतं तिथेच राहिलं.

इंग्रजी पॅसेजच्या जागी मुद्दाम मराठी उतारा घेते, म्हणजे भाषेचा बहाणा उरणार नाही. समजा, असा पॅसेज आला:

'अजिंठ्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या लेण्यांचं काम दोन-तीनशे वर्षं चालू होतं, असं अनेक अभ्यासक मानत आले. वॉल्टर स्पिंक यांनी मात्र हे जवळपास सगळं काम वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, इसवी सन 460 ते 480 या वीसेक वर्षांत झालं, असं मांडलं. अर्धवट सोडलेल्या खांबांपासून दारांच्या बिजागऱ्यांसाठी कोरलेल्या खोबणींपर्यंत त्यांनी गोळा केलेला पुरावा थक्क करणारा आहे, यात शंका नाही. पण कशानंतर काय कोरलं हा क्रम ठरला, म्हणजे प्रत्येक टप्प्याचं वर्षही ठरलं, असं होत नाही.'

प्रश्न असा: लेखक या उताऱ्यात मुख्यतः काय करतो आहे?

ऑप्शन पाच. एक, लेण्यांचं काम दोन-तीनशे वर्षं चाललं या मताचं समर्थन. दोन, स्पिंक यांचा पुरावा तोकडा आहे हे दाखवणं. तीन, एका मांडणीमागचा पुरावा मान्य करून, त्यावरून काढलेल्या निष्कर्षाची मर्यादा दाखवणं. चार, बारीक पुराव्यांच्या आधारे एक नवा कालक्रम मांडणं. पाच, दोन विरोधी मतांचा मेळ घालणं.

मराठीत वाचताय म्हणून तिसरा सहज दिसला असेल. आता हाच पॅसेज इंग्रजीत, घड्याळ पळतंय, अंगावर क्वांटचा शीण आहे असं डोळ्यांसमोर आणा. ज्याला-त्याला हे दिलं की बहुतेकांचा हात पहिल्या ऑप्शनवर जातो. का? लेखकाने स्पिंक यांच्यावर आक्षेप घेतला, उताऱ्यात बाजू दोनच, म्हणजे लेखक जुन्या अभ्यासकांच्या बाजूचा. हे गणित डोक्यात आपोआप होतं, आणि सापळा इथेच आहे.

जरा सावकाश बघा. लेखकाने 'वीस वर्षांत झालं नाही' असं कुठेही म्हटलेलं नाही. 'दोनशे वर्षं लागली' असंही म्हटलेलं नाही. क्रमावरून वर्ष सिद्ध होत नाही, एवढंच तो म्हणतो. एखादी गोष्ट सिद्ध झालेली नाही आणि ती खोटी आहे, या दोन विधानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्पिंक बरोबरही असतील, लेखकाला त्याचं वावडं नाही. त्याला खटकते ती पुराव्यापासून निष्कर्षापर्यंतची उडी. कोर्टाच्या निकालपत्रात दोन्ही वकिलांचे युक्तिवाद लिहिलेले असतात. त्यातला एखादा उचलून हाच निकाल असं समजलात तर जे होईल, तेच इथे होतं. आणि इथला न्यायाधीश पुष्कळदा निकाल देतच नाही, 'पुरावा एवढ्यावर पुरत नाही' म्हणून उठतो.

अजून एकदा सांगते, कंटाळलात तरी चालेल. 'अ'च्या विरोधात बोलणारा माणूस 'ब'चा असतोच असं नाही. आपण कट्ट्यावरच्या वादात रोज हे गृहीत धरतो, म्हणून परीक्षेतही धरतो. ऑप्शन लिहिणाऱ्यांना ही सवय पक्की माहीत आहे.

दुसरा ऑप्शन त्याच सापळ्याचा धाकटा भाऊ. पुरावा तोकडा? लेखक तर त्याला थक्क करणारा म्हणतो. आक्षेप पुराव्यावर नाही, निष्कर्षावर आहे. चौथ्यातली गोष्ट उताऱ्यात आहेच, पण नवा कालक्रम स्पिंक मांडतात, लेखक नाही. कृती खरी, करणारा चुकीचा. आरसीत चुकलेले प्रश्न पुन्हा काढून बघा, या जातीचे किती निघतात ते. पाचवा बिचारा सज्जन दिसतो, पण मेळ कुणीच घातलेला नाही.

उपाय अगदी साधा आहे. पॅसेज वाचताना प्रत्येक वाक्य कुणाचं आहे, एवढंच मनात विचारायचं. सुरुवातीला रफ कागदावर लिहा: पहिलं वाक्य जुने अभ्यासक, दुसरं स्पिंक, तिसरं लेखक (कौतुक), चौथं लेखक (पण). झालं. पॅसेजचा विषय अर्धामुर्धा कळला तरी हा नकाशा जमतो आणि बरेचसे प्रश्न त्यावरच सुटतात. तिसऱ्या वाक्यासारखं कौतुक दिसलं की सावध व्हा. 'टु बी शुअर' किंवा 'अॅडमिटेडली' आलं की पुढे 'बट' किंवा 'यट' उभाच असतो, आणि लेखकाचं खरं म्हणणं त्यानंतर येतं. 'सपोजेडली' दिसलं तर ते मत लेखकाचं नाही, हे तिथल्या तिथे समजून घ्या.

सुरुवातीला यात वेळ जातो, खूप जातो. मॉकचा स्कोअर आधी थोडा खालीही येतो. घाबरू नका, महिनाभराने हे कागदावर लिहावं लागत नाही.

इंजिनिअरिंगवाल्यांचा आणखी एक रोग म्हणजे डोक्यातली माहिती पॅसेजमध्ये ओतणं. शाळेच्या सहलीत अजिंठा पाहिलेला असतो, 1819 मध्ये जॉन स्मिथला लेणी दिसली ही गोष्ट गाइडने सांगितलेली असते, आणि मग 'यावरून काय अनुमान निघतं' या प्रश्नात 'लेणी नंतर विस्मरणात गेली' असा ऑप्शन आला की तो आपलासा वाटतो. खरं आहे, पण वरच्या चार वाक्यांतून निघत नाही. थर्मोडायनॅमिक्सच्या पॅसेजवर मेकॅनिकलवाले अडखळतात ते याचमुळे. ओळखीचा विषय आला की मी आजही जास्त जपून वाचते.

शॉर्टकटबद्दल विचाराल तर माझं मत खडूस आहे. 'पहिली आणि शेवटची ओळ वाचा, मधलं सोडा' ही युक्ती जीआरईला निरुपयोगी आहे, कारण बहुतेक पॅसेज एका परिच्छेदाचे असतात आणि लेखक वळण घेतो ते नेमकं मध्ये. 'ओन्ली, ऑलवेज असले टोकाचे शब्द दिसले की ऑप्शन उडवा' हे अर्धसत्य. पॅसेजनेच 'ओन्ली' म्हटलं असेल तर तोच ऑप्शन बरोबर असतो. आधी प्रश्न वाचावा की पॅसेज, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. दोन्ही करून बघा, जे जमेल ते ठेवा. त्यात दम नाही.

चौकोनी खुणांचे प्रश्न मात्र ओळखून ठेवा. ऑप्शन तीनच असतात, त्यातला एक, दोन किंवा तिन्ही बरोबर असू शकतात, आणि एक जरी हुकला तरी मार्क शून्य. इथे ऑप्शनची एकमेकांशी तुलना करायची नाही. प्रत्येकाला स्वतंत्र हो किंवा नाही द्यायचं, आणि 'हो' म्हणताना पॅसेजमधल्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी दोन शब्द. मीही सांगलीच्या मराठी शाळेतली. कॉन्व्हेंटची मुलं आपल्यापेक्षा भराभर वाचतात, हे खरं. पण ती ओघात वाचतात, आणि 'हे म्हणणं कुणाचं' या प्रश्नावर तीही तितकीच घसरतात. शिवाय एकाच विषयावर चार जणांची चार मतं आणि त्यावर संपादकाचं पाचवं, असले अग्रलेख आपण लहानपणापासून मराठीत वाचलेले असतात. तीच नजर इथे लागते. म्हणून इंग्रजी पेपर वाचायचाच असेल तर बातम्या सोडा, संपादकीय पान किंवा पुस्तक परीक्षणं वाचा. परीक्षणात पुस्तकाच्या लेखकाचं मत आणि परीक्षकाचं मत सतत एकमेकांत मिसळत असतं. याहून चांगला आणि फुकटचा सराव मला सापडलेला नाही.

सल्ला कुणाचा घ्यायचा, तेही बघून घ्या. 340 पैकी 330 मिळवलेला सीनियर मदत करेलच असं नाही. ज्याला आरसी मुळातच येत होतं, तो 'अरे, वाचलं की कळतं' म्हणून मोकळा होतो. व्हर्बलचा कमी स्कोअर मेहनतीने वर ओढून आणलेला कुणी शोधा. आणि कन्सल्टंटला वाचन शिकवता येत नाही, त्याचं काम अर्ज भरण्याचं. बऱ्याच युनिव्हर्सिटींनी 2020 नंतर जीआरई ऐच्छिक केली आहे, तेव्हा तुमच्या यादीतल्या प्रोग्रामला ती खरंच लागते का, हे त्यांच्या साइटवर स्वतः तपासा.

सरावासाठी जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेचंच साहित्य वापरा. बाहेरच्या मॉकमध्ये क्वांट ठीक असतं, पण आरसीचे ऑप्शन पुष्कळदा ढिसाळ असतात. दोन उत्तरं बरोबर वाटतात आणि खुलासा वाचूनही पटत नाही. अशा प्रश्नावर रात्र घालवून स्वतःला मठ्ठ ठरवू नका. ईटीएसच्या पॉवरप्रेप या ऑनलाइन सराव परीक्षेच्या दोन टेस्ट फुकट मिळतात. पहिली तयारीच्या मध्यावर आणि दुसरी परीक्षेच्या आठवडाभर आधी द्या, परीक्षेचा स्लॉट ज्या वेळेचा आहे त्याच वेळेला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. चुकलेल्या प्रत्येक आरसीपुढे एकच नोंद करा: चुकीच्या ऑप्शनमधलं म्हणणं कुणाचं होतं?